वाचकांचे प्रश्न : दूरचित्रवाणीची शिल्पकार शिगेको कुबोता

मागील अंकात कोरियन-अमेरिकन कलावंत नाम जून पाइक यांच्यावर लेख प्रसिद्ध झाला होता. दूरचित्रवाणी संचालाच कलेचे माध्यम करणारे पाइक आपल्याकडील कलाप्रेमींना थोडेफार ठाऊक आहेत. त्या लेखाच्या अखेरीस ‘त्यांच्या पत्नी शिगेको कुबोता याही व्हिडिओ कलावंत होत्या’ एवढेच एक वाक्य होते आणि या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे नेमकी त्याच वाक्याबद्दल आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. कुबोता यांच्या कामाविषयी मला फार आस्था आहे, त्यामुळे काही उत्तरे लांबली आहेत.

एका वाक्यात उरकलेल्या या बाई कोण होत्या? त्यांचे शिक्षण कोठे झाले आणि जपान सोडून त्या अमेरिकेला का गेल्या?
– एक वाचक, पुणे

शिगेको कुबोता यांचा जन्म २ ऑगस्ट १९३७ रोजी जपानच्या निगाता प्रांतात झाला. हा प्रांत जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. हिवाळ्यात तेथे प्रचंड हिमवर्षाव होतो, आणि जपानमधील सर्वांत लांब नदी, शिनानो, तेथेच समुद्राला मिळते. वडिलांकडचे घराणे बौद्ध भिक्षूंचे होते आणि लहानपणीचा काही काळ त्यांनी देवळाच्या परिसरात काढला. मृत्यू, अंत्यविधी, अस्थी आणि पूर्वजांची नावे या गोष्टी त्यांना परक्या नव्हत्या. पुढे त्यांच्या कामात थडगी, पूर्वज आणि वाहते पाणी वारंवार का येते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने हे बालपण लक्षात ठेवावे.

तोक्यो शिक्षण विद्यापीठातून त्यांनी १९६० साली शिल्पकलेची पदवी घेतली आणि नंतर काही काळ शाळेत शिकवले. त्यांची मावशी चिया कुनी या आधुनिक नृत्याच्या क्षेत्रातील होत्या आणि त्यांच्यामुळे शिगेको यांची ओळख ‘ग्रुप ओंगाकु’ या प्रयोगशील संगीतकारांच्या मंडळीशी झाली. १९६२ मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज जपानच्या दौऱ्यावर आले. त्या कार्यक्रमांनी तोक्योतील तरुण कलावंतांची एक पिढीच्या पिढी ढवळून निघाली, तीत शिगेकोही होत्या.

डिसेंबर १९६३ मध्ये तोक्योच्या नाइका गॅलरीत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. ‘नाइका’ म्हणजे जपानी भाषेत शरीरांतर्गत विकारांचा वैद्यकीय विभाग. ती जागा पूर्वी एका डॉक्टरांचा दवाखाना होती, म्हणून हे नाव पडले. शिगेको यांनी तेथे चुरगळलेल्या कागदांचा मोठा ढीग रचला, ते कागद प्रेमपत्रे आहेत असे सांगितले आणि त्यावर पांढरे कापड पसरले. वरच्या बाजूला ठेवलेली धातूची शिल्पे पाहायची असतील तर प्रेक्षकाला त्या मऊ, पायाखाली खचणाऱ्या ढिगावर चढावे लागे. तरुण वयातील ही कल्पना मला आजही थक्क करते, कारण पाहणाऱ्याला देहासकट कलाकृतीत ओढण्याची जी ओढ पुढे आयुष्यभर त्यांच्यात दिसते, तिची सुरुवात येथे झालेली आहे. तोक्योतील समीक्षकांनी मात्र या प्रदर्शनाची दखलसुद्धा घेतली नाही. जपानमध्ये स्त्री कलावंत म्हणून आपल्याला कोणी गंभीरपणे घेणार नाही, हे त्यांना कळून चुकले. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज मॅच्युनस यांनी ‘फ्लक्सस’ या नावाने कलावंतांची एक चळवळ उभी केली होती आणि त्यांच्याशी शिगेको यांचा पत्रव्यवहार सुरू झालेला होता. ४ जुलै १९६४ रोजी संगीतकार मैत्रीण मिएको शिओमी यांच्यासोबत त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. मॅच्युनस त्यांना फ्लक्ससच्या ‘उपाध्यक्ष’ म्हणत. पुढची ५१ वर्षे न्यूयॉर्क हेच त्यांचे गाव राहिले आणि तेथेच २३ जुलै २०१५ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आमच्याकडे कुबोटा नावाचा ट्रॅक्टर आहे. या बाई त्या कंपनीच्या घराण्यातील का? आणि नाव ‘कुबोटा’ लिहावे की ‘कुबोता’?
– एक शेतकरी वाचक, तालुका वाळवा, जिल्हा सांगली

कुबोता हे जपानमध्ये सर्रास आढळणारे आडनाव आहे, त्यामुळे केवळ नावावरून नाते जोडता येणार नाही. जपानी उच्चार दंत्य ‘त’चा आहे, म्हणून मी ‘कुबोता’ लिहितो. ट्रॅक्टरचे नाव इंग्रजीमार्गे आपल्याकडे आले आणि ‘टा’ झाले, ते तसेच रूढ आहे.

मी ३० वर्षांपासून लग्नसमारंभांचे व्हिडिओ शूटिंग करतो. खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्याने माझा उजवा खांदा कायमचा दुखरा केला. त्याच्याही आधीच्या काळात या बाई एकट्या कोणता कॅमेरा घेऊन फिरत होत्या?
– एक व्हिडिओग्राफर, जळगाव

तुमचा प्रश्न वाचून मला विशेष आनंद झाला, कारण कुबोता यांनी स्वतः खांद्याच्या या दुखण्यावर लिहिले आहे.

सोनी कंपनीने १९६७ मध्ये ‘पोर्टापॅक’ नावाचा संच बाजारात आणला. त्याचे दोन भाग होते. हातात धरायचा लहान कृष्णधवल कॅमेरा आणि पट्ट्याने खांद्याला अडकवायचे रेकॉर्डर, दोहोंना जोडणारी केबल. टेप कॅसेटमध्ये बंद नसे. अर्धा इंच रुंदीची फीत उघड्या रिळावर गुंडाळलेली असे आणि ती यंत्रातून हाताने ओवून दुसऱ्या रिळाला लावावी लागे. एका रिळात २० ते ३० मिनिटांचे चित्रण बसत असे. सगळे मिळून वजन ८-९ किलोंच्या घरात जाई. तुम्ही व्हीएचएसच्या जमान्यात जे ओझे वाहिलेत, त्याची ही थोरली बहीण.

आज हे अवजड वाटते, परंतु त्या काळी यानेच मोठी क्रांती केली. त्यापूर्वी दूरचित्रवाणीचे चित्रण म्हणजे स्टुडिओ, तंत्रज्ञांचा ताफा आणि सरकार किंवा मोठी कंपनी. फिल्मवर काम करायचे तर फीत प्रयोगशाळेत धुऊन येईपर्यंत थांबावे लागे. पोर्टापॅकवर टिपलेले मात्र रीळ उलटे फिरवले की तिथल्या तिथे पाहता येई, नकोसे झाले तर पुसून त्याच फितीवर पुन्हा चित्रण करता येई, आणि एकटा माणूस, एकटी बाई, हे सारे करू शकत असे. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याच वर्षी कुबोता पोर्टापॅक पाठीवर टाकून एकट्या युरोपभर हिंडत होत्या, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्यांच्या धाडसाचा अंदाज येतो. त्या प्रवासातून तयार झालेल्या टेपचे नाव ‘युरोप ऑन हाफ इंच अ डे’, म्हणजे ‘रोज अर्धा इंचात युरोप’. दिवसाला ५ डॉलरमध्ये युरोप कसा पाहावा हे सांगणारे एक प्रवासी मार्गदर्शक पुस्तक तेव्हा अमेरिकेत फार खपत असे. त्याच्या नावातील डॉलर काढून त्यांनी तेथे फितीची रुंदी बसवली. टेपमध्ये प्रेक्षणीय स्थळांपेक्षा रस्त्यावरची माणसे आणि रात्रीचे कार्यक्रम अधिक आहेत.

पुढच्या वर्षी त्या अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात नावाहो आदिवासींच्या वस्तीवर, आपल्या एका नावाहो मैत्रिणीच्या कुटुंबात जाऊन राहिल्या आणि तेथील दिवस टिपले. या भटकंतीविषयी त्यांनी एक छोटा कवितेसारखा मजकूर लिहिला आहे. व्हिएतनामी बायका जशा पाठीवर मूल बांधून चालतात तशी मी पोर्टापॅक पाठीवर घेऊन चालते, असे त्या त्यात म्हणतात. व्हिडिओ जड आहे म्हणूनच मला तो आवडतो, असेही म्हणतात, आणि कोणाही पुरुषाच्या सोबतीशिवाय युरोप, नावाहो भूमी आणि जपान पालथे घातल्याचे सांगून खांदा, पाठीचा कणा आणि कंबर यांची त्या यंत्राने काय दशा केली तेही नोंदवतात. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा रोज संध्याकाळी अमेरिकेच्या घराघरांतील पडद्यावर दिसत होते. पाठीवर मूल घेऊन पळणाऱ्या बाईची उपमा त्यांनी सहज म्हणून दिलेली नाही.

मी शिल्पकलेची विद्यार्थिनी आहे. माती, दगड, धातू यांना वजन असते, हाताला स्पर्श कळतो. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच्या चित्राला यातले काहीच नाही. मग कुबोता यांना ‘व्हिडिओ शिल्पकार’ म्हणण्यात कितपत अर्थ आहे?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

तुम्ही नेमक्या मर्मावर बोट ठेवले आहे. कुबोता यांचे वेगळेपण माझ्या मते याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

दूरचित्रवाणी संच हा त्या काळी अवजड काचेची नळी पोटात घेतलेला एक खोका होता. चित्र प्रकाशाचे आणि क्षणभंगुर, पण खोका मात्र खोलीतील फर्निचरइतकाच ठोस. कुबोता यांचे शिक्षण शिल्पकाराचे असल्यामुळे त्यांना ही विसंगती लगेच जाणवली. त्यांनी संचाचे कारखान्यातून आलेले बाह्यरूप प्लायवूडच्या आवरणात दडवले आणि चित्राला नवे शरीर दिले. कधी जिना, कधी डोंगर, कधी दार, कधी खिडकी.

त्यांची सर्वांत गाजलेली कृती १९७५-७६ सालची आहे. तिच्यामागे फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशां यांचे १९१२ सालचे ‘जिना उतरणारी नग्न स्त्री’ हे चित्र उभे आहे. द्युशां यांनी एकाच कॅनव्हासवर एका आकृतीच्या हालचालीचे अनेक क्षण एकमेकांवर रचले होते. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्या चित्राने गदारोळ उडवला. कुबोता यांनी खराच जिना बांधला. प्लायवूडचा, चार पायऱ्यांचा, साधारण साडेपाच फूट उंचीचा. प्रत्येक पायरीच्या उभ्या फळीत एकेक मॉनिटर बसवला, म्हणजे चार पायऱ्या आणि चार पडदे. पडद्यांवर एक विवस्त्र स्त्री जिना उतरते. तिचे चित्रण आधी फिल्मवर केलेले आहे, मग ते व्हिडिओवर घेऊन त्यात कृत्रिम रंग भरलेले आहेत, त्यामुळे तिची कांती कधी निळी, कधी गुलाबी, कधी हिरवी होऊन विरघळते. आता तुम्ही या जिन्यासमोर उभ्या आहात अशी कल्पना करा. स्त्री वरून खाली येते आहे, परंतु ती ज्या जिन्यावरून उतरते आहे तो जिना पडद्याच्या आत आहे, आणि तुमच्यासमोरच्या लाकडी जिन्यावर कोणीच नाही. पाय ठेवायची जागा रिकामी आहे, चालणे मात्र लाकडाच्या आत चालू आहे. द्युशां यांनी स्थिर चित्रात गती आणली. कुबोता यांनी त्या गतीला काळ दिला, रंग दिला आणि जमिनीवर उभे राहील असे वजनही दिले. चित्रातल्या जवळजवळ यांत्रिक आकृतीच्या जागी येथे श्वास घेणारी, मांसल बाई आहे, हा फरकही बारकाईने पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९८१ मध्ये ही कृती संग्रहासाठी घेतली. त्या संग्रहालयाने विकत घेतलेली ही पहिलीच व्हिडिओ मांडणी होती.

द्युशां यांच्याशी त्यांचे हे नाते केवळ पुस्तकी नव्हते. मार्च १९६८ मध्ये बफेलो शहरी एका नृत्यप्रयोगाला जाताना विमानात त्यांची द्युशां दांपत्याशी गाठ पडली. त्याच दिवसांत टोरोंटो येथे द्युशां आणि जॉन केज यांनी प्रेक्षकांसमोर बुद्धिबळाचा डाव मांडला. पट असा बनवला होता की प्रत्येक खेळीबरोबर प्रकाशसंवेदकांमुळे सभागृहातील ध्वनी बदलत असे. कुबोता यांनी त्या डावाची छायाचित्रे काढली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला द्युशां वारले. चार वर्षांनी कुबोता फ्रान्समधील रुआं शहरी त्यांच्या थडग्यावर गेल्या आणि तेथे चित्रण केले. थडग्याच्या दगडावर द्युशां यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली ओळ कोरलेली आहे : शिवाय, मरतात ते नेहमी दुसरेच. त्या चित्रणातून कुबोता यांनी मॉनिटरांचा एक उभा स्तंभ रचला आणि खाली जमिनीवर व वर छताला आरसे लावले, त्यामुळे थडगे वर आणि खाली दोन्हीकडे अनंत होत जाते. बुद्धिबळाच्या छायाचित्रांचेही त्यांनी असेच केले. मॉनिटर आडवा ठेवून पडद्यावर पारदर्शक पट मांडला, म्हणजे सोंगट्या हलवणाऱ्याला आपल्या हाताखाली केज आणि द्युशां खेळताना दिसतात.

तुम्ही स्पर्शाबद्दल विचारलेत, म्हणून १९७९ ते ८१ या काळात घडवलेल्या ‘नदी’ या कृतीविषयी सांगितलेच पाहिजे. छतापासून तीन मॉनिटर खाली तोंड करून टांगलेले आहेत. त्यांच्याखाली स्टेनलेस स्टीलची होडीसारखी लांबट, वक्र पन्हाळ आहे, तीत पाणी आहे, आणि एक यंत्र त्या पाण्यात लाटा उठवत राहते. पडद्यांवरचे चित्र आपण थेट पाहतच नाही. ते पाण्यात पडते, लाटेबरोबर तुटते, पोलादाच्या कडांवर ओघळते आणि पुन्हा जुळते. दगडी शिल्पात शिल्पकार आकार पक्का करतो. येथे आकार पाण्याच्या हवाली केलेला आहे. नदी आणि व्हिडिओ यांची तुलना कुबोता यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. दूरदूरच्या वस्त्यांना जोडणारी, बातमी वाहून नेणारी आणि आरशासारखी प्रतिबिंब दाखवणारी नदी जे काम पूर्वी करत होती, तेच व्हिडिओ आपल्या आयुष्यात करतो, असे त्यांचे म्हणणे होते. शिनानो नदीच्या मुलखात वाढलेल्या मुलीला ही तुलना सुचावी यात मला नवल वाटत नाही.

१९६५ सालच्या त्यांच्या एका प्रयोगाविषयी वाचले आणि मन अस्वस्थ झाले. अशा प्रकाराला कला म्हणावे का? की केवळ लोकांना धक्का देण्याचा तो उद्योग होता?
– एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

आपण संकोचाने प्रयोगाचे नाव लिहिलेले नाही, परंतु इतर वाचकांसाठी ते सांगावे लागेल. ४ जुलै १९६५ रोजी, म्हणजे न्यूयॉर्कला आल्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, फ्लक्ससच्या एका महोत्सवात कुबोता यांनी ‘व्हजायना पेंटिंग’ सादर केले. जमिनीवर मोठा कागद अंथरला होता. अंतर्वस्त्राला अडकवलेला कुंचला लाल रंगात बुडवून, उकिडव्या चालत त्यांनी त्या कागदावर रेघा ओढल्या. आज त्याची साक्ष म्हणून मॅच्युनस यांनी काढलेली काही छायाचित्रे उरली आहेत.

धक्का होता, हे खरेच. पण तो कोणाला होता हे पाहावे. त्या काळात चित्रकलेवर ज्यांची छाप होती ते जॅक्सन पोलॉक जमिनीवरच्या कॅनव्हासवर रंग फेकत आणि त्या आवेशाचा पौरुषाशी संबंध जोडला जाई. फ्रान्समध्ये इव्ह क्लाइन यांनी १९६० मध्ये विवस्त्र स्त्रियांना निळ्या रंगात माखून, स्वतः सुटाबुटात उभे राहून, त्यांच्या देहांचे ठसे कॅनव्हासवर घेतले होते. स्त्रीचा देह तेथे कुंचला होता आणि तो चालवणारा पुरुष. कुबोता यांच्या प्रयोगात कुंचला आणि तो चालवणारी एकच आहे, आणि लाल रंगातून मासिक स्रावाची आठवण होते, जी गोष्ट पुरुषांच्या चित्रकलेने कधी उच्चारलीच नव्हती. प्रेक्षकांत फ्लक्ससचे स्वतःला बंडखोर म्हणवणारे कलावंत होते, आणि त्यांच्यातील अनेकांनाही हा प्रयोग रुचला नाही. माझ्या दृष्टीने ही बाब बोलकी आहे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. उतारवयात कुबोता यांनी सांगितले की मॅच्युनस आणि पाइक यांच्या आग्रहामुळे त्यांनी हा प्रयोग केला होता. म्हणून त्यामागचा हेतू सर्वस्वी त्यांचाच होता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आज अनेक पुस्तकांत कुबोता यांचा उल्लेख केवळ या एका प्रयोगापुरता येतो, आणि त्यांनी नंतर चार दशके केलेले काम बाजूला राहते. आपल्या अस्वस्थतेपेक्षा मला या गोष्टीचे वाईट अधिक वाटते.

माझे वडील गेल्या वर्षी गेले. त्यांच्या शेवटच्या दिवाळीचे मोबाइलवर केलेले चित्रण माझ्याकडे आहे, पण मला ते पाहवत नाही. कुबोता यांनी आपल्या वडिलांच्या मृत्यूवर टेप केली असे ऐकले. दुःखाचे असे चित्रण करणे योग्य आहे का?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

ताई, आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. योग्य-अयोग्य मी ठरवू शकत नाही. त्या टेपमध्ये काय आहे तेवढे सांगतो.

‘माय फादर’ ही १५ मिनिटांची कृष्णधवल टेप १९७३ ते ७५ या काळातील आहे. कुबोता यांचे वडील कर्करोगाने आजारी होते. त्यांना भेटायला जाण्यासाठी ज्या दिवशी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये विमानाचे तिकीट काढले, त्याच दिवशी वडील गेल्याचे कळले. चित्रपटकार शर्ली क्लार्क या त्यांच्या मैत्रीण. त्यांनी फोनवर विचारले, काय करते आहेस? रडते आहे, असे उत्तर मिळाले. तेव्हा क्लार्क म्हणाल्या, मग रडतानाचीच टेप का करत नाहीस?

टेपमध्ये कुबोता दूरचित्रवाणी संचासमोर बसलेल्या दिसतात. संचावर त्यांनीच पूर्वी जपानमध्ये केलेले वडिलांचे चित्रण चालू आहे. नववर्षाच्या आदल्या रात्रीचे घर आहे, आजारी वडील आणि मुलगी शेजारी बसून टीव्हीवरचा गाण्यांचा कार्यक्रम पाहत आहेत. म्हणजे एका पडद्यात दुसरा पडदा आहे. आतल्या पडद्यासमोर वडील जिवंत बसले आहेत आणि बाहेरच्या पडद्यासमोर मुलगी एकटी हुंदके देते आहे. ती हात पुढे करून पडद्याला स्पर्श करते, आणि हाताला काच लागते. गाण्यांचा तो कार्यक्रम मात्र आतल्या पडद्यावर आनंदात चालूच राहतो. सुतक असलेल्या घरात शेजारच्या रेडिओचा आवाज ऐकू यावा, तसे ते वाटते.

त्यांनी हे चित्रण सुंदर करण्याचा प्रयत्न केलेला नाही. रडणे लांबते, चेहरा विस्कटतो, पाहणाऱ्याला अवघडल्यासारखे होते. पुढे १९८१ मध्ये त्यांनी बर्लिनमधील वास्तव्यानंतर केलेल्या एका लहान कृतीत, छोट्या मॉनिटरच्या पडद्यापुढे गुलाबी स्फटिकाची लादी दोरीने बांधली आणि तिच्यावर जपानी लिपीत आपल्या पूर्वजांची नावे लिहिली. नावांच्या मागून चित्राचा उजेड झिरपत राहतो. वडिलांच्या वेळी काचेवर अडलेला हात येथे नावे लिहू लागला, असे मला ती पाहताना वाटते. दोन कृतींमध्ये बरीच वर्षे गेलेली आहेत. आपल्याकडचे चित्रण आज पाहावेच असे काही नाही. ते नीट जपून मात्र ठेवा, फोन बदलला की अशा गोष्टी हरवतात.

पाइक यांच्या सावलीत त्या झाकल्या गेल्या का? दोघांच्या कामात साम्य किती? आणि त्यांच्या कृती आज कोठे पाहता येतील?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

झाकल्या गेल्या, आणि आमच्या मागील अंकातील ते एक वाक्य त्याचाच पुरावा आहे.

पाइक यांचा प्रयोग कुबोता यांनी प्रथम १९६४ मध्ये तोक्योत पाहिला. मधल्या काळात, १९६७ ते १९६९, त्यांचा विवाह संगीतकार डेव्हिड बेरमन यांच्याशी झालेला होता. १९७० पासून त्या आणि पाइक एकत्र राहू लागले आणि १९७७ मध्ये त्यांनी विवाह केला. पाइक यांनी १९६३ मध्येच जर्मनीत टीव्ही संचांचे प्रदर्शन मांडलेले असल्याने व्हिडिओ कलेत ते वडीलधारे ठरतात, आणि कृष्णधवल चित्राला रंग देणारे सिंथेसायझर जपानी अभियंता शुया आबे यांच्या साहाय्याने त्यांनीच तयार केले होते. कुबोता यांनी या सर्वांचा लाभ घेतला. दोघांची वृत्ती मात्र वेगळी आहे. पाइक यांच्या मांडणीत टीव्ही हा टीव्ही म्हणूनच मिरवतो, त्यांचे चित्र वेगाने पळते आणि गजबजते. कुबोता यांच्याकडे खोका लपतो, चित्र संथ होते आणि त्यात घरचे माणूस, डोंगर, पाणी, चेरीचा बहर असे काही दिसू लागते. ज्यांनी दोघांचे काम शेजारी शेजारी पाहिले आहे, त्यांची गल्लत होणार नाही.

स्वतःच्या कामाबरोबर त्यांनी इतरांसाठीही खूप काही केले, ज्याची चर्चा फारशी होत नाही. १९७४ च्या आरंभी त्यांनी न्यूयॉर्कच्या कलावंतांच्या टेप तोक्योला नेऊन तेथे त्यांचे प्रदर्शन घडवले. १९७४ ते १९८२ या काळात न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म अर्काइव्ह्ज या संस्थेत व्हिडिओ विभागाचे कार्यक्रम त्या ठरवत होत्या. ज्यांच्या टेप दाखवायला दुसरी जागा नव्हती अशा अनेकांना तेथे पडदा मिळाला. जर्मनीतील कासेल येथे दर काही वर्षांनी भरणाऱ्या डॉक्युमेंटा या महाप्रदर्शनात १९७७ आणि १९८७ असे दोनदा त्यांचे काम मांडले गेले.

१९९६ हे वर्ष त्यांच्यासाठी विचित्र योगाचे ठरले. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे एकल प्रदर्शन झाले, आणि त्याच वर्षी पाइक यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढची दहा वर्षे, २९ जानेवारी २००६ रोजी पाइक यांचे निधन होईपर्यंत, त्यांच्या शुश्रूषेत गेली. आपल्याकडच्या किती तरी घरांतील बायकांना हे सांगायला नको. तरी कॅमेरा त्यांनी खाली ठेवला नाही. १९९८ मधील ‘सेक्शुअल हीलिंग’ या टेपमध्ये व्हीलचेअरवरील पाइक व्यायाम करताना, उपचार करणाऱ्या तरुण स्त्रियांच्या आधाराने पाऊल टाकताना दिसतात आणि मागे मार्विन गे यांचे त्याच नावाचे गाणे वाजते. त्यात नवऱ्याविषयीचे प्रेम आहे, थट्टा आहे आणि थकवाही आहे. पुढे २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी नाम जून पाइक यांच्याबरोबरच्या आपल्या आयुष्यावर प्रदर्शन केले, त्यात धातूच्या नळ्यांच्या मानवाकृतींत लहान पडदे बसवून त्यांनी पाइक यांना पुन्हा उभे केले होते.

आपण न्यू जर्सीत राहता, त्यामुळे म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट आपल्याला जवळ आहे. २०२१ मध्ये तेथे ‘लिक्विड रिअ‍ॅलिटी’ हे त्यांचे प्रदर्शन भरले होते, आणि त्याच वर्षी जपानमध्ये निगाता, ओसाका व तोक्यो येथे त्यांच्या समग्र कामाचे मोठे प्रदर्शन फिरले. पहिला मुक्काम निगाताला होता, जन्मगावच्या प्रांतात. जिन्याची कृती संग्रहालयाच्या मालकीची आहे, मात्र ती कायम मांडलेली नसते, म्हणून जाण्यापूर्वी चौकशी करावी. त्यांच्या नावाने स्थापन झालेला न्यास त्यांच्या न्यूयॉर्कमधील घरातील टेप, रेखाटने आणि शिल्पे सांभाळतो. हे काम सोपे नाही. चुंबकीय फितीवरचा थर वर्षानुवर्षांत सुटू लागतो, म्हणून टेप वेळेत संगणकावर उतरवाव्या लागतात. काचेच्या नळीचे टीव्ही आता कोणी बनवत नाही, आणि सपाट पडदा जिन्याच्या पायरीत बसवला तर नळीचा तो किंचित फुगीर, आतून उजळणारा प्रकाश राहत नाही. म्हणून जुने संच शोधून, त्यांचे सुटे भाग जमवून ठेवावे लागतात. ‘नदी’साठी तर वीज आणि पाणी एकाच खोलीत सांभाळावे लागते. २०२१ च्या प्रदर्शनात ती पन्हाळ भरली होती, लाटांचे यंत्र चालू होते आणि तिन्ही पडदे पाण्यावर उतरलेले होते.